हरितगृहातील स्वयंचलित नियंत्रण : दिव्यांवरून बिघाड ओळखा, नुकसान टाळा

हरितगृहातील फुले व भाजीपाला, ठिबकमधून खते देणारे मोठे सिंचन संच, द्राक्षांची पूर्वशीतकरण केंद्रे अशा ठिकाणी पंप, पंखे व व्हॉल्व्ह हाताने चालू-बंद करण्याऐवजी ते काम स्वयंचलित यंत्रणेकडे सोपविण्याकडे बागाईतदारांचा कल आहे. साखर कारखान्यात आणि औद्योगिक वसाहतीत जी नियंत्रण मॉड्यूल वापरली जातात, त्याच प्रकारची मॉड्यूल शेतावरील पेटीतही बसविली जातात. फरक एवढाच, की कारखान्यात प्रत्येक पाळीला इलेक्ट्रिशियन हजर असतो. शेतावर मात्र तंत्रज्ञ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून यावा लागतो.

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी पंखे-पॅड पद्धतीच्या हरितगृहातील पंखे बंद पडले, तर आतील तापमान झपाट्याने वाढते व तंत्रज्ञ येईपर्यंत पिकाचे नुकसान होऊन जाते. कोकोपीटच्या पिशव्यांतील पिकाला तर पाण्याच्या एक-दोन पाळ्या चुकल्या तरी ताण बसतो, कारण मुळांजवळ पाण्याचा साठाच थोडा असतो. म्हणून मॉड्यूलवरील लहान दिवे काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि बिघाडाच्या वेळी यंत्रणेने आपण होऊन काय करावे, याची माहिती बागाईतदारास असणे आवश्यक आहे.

यंत्रणेची रचना

सर्वसाधारणपणे अशा यंत्रणेत पुढील भाग असतात.

१) मुख्य नियंत्रक : पंपघरात किंवा कार्यालयात बसविलेला. कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह उघडावा, किती अंशांवर पंखे चालू व्हावेत, हा कार्यक्रम यात भरलेला असतो.

२) दूरची मॉड्यूल : पंप व खत पंपाजवळ एक, व्हॉल्व्हच्या समूहाजवळ एक, हरितगृहाच्या हवामानासाठी एक, अशी प्रत्यक्ष कामाच्या जागी बसविलेली. तापमान, आर्द्रता व दाब यांची माहिती ती मुख्य नियंत्रकाकडे पाठवितात व त्याचे आदेश पंख्यांना, पंपांना व व्हॉल्व्हना देतात.

३) संदेशाची तार : या सर्वांना जोडणारी एकच तार. पूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हसाठी पंपघरापर्यंत स्वतंत्र जोडी न्यावी लागे. या पद्धतीत सर्व संदेश एकाच तारेवरून जातात.

हे काम मुकादम व मजूर यांच्यासारखे चालते. मुख्य नियंत्रक हा मुकादम. तो ठराविक क्रमाने प्रत्येक मॉड्यूलची हजेरी घेतो, माहिती विचारतो व काम सांगतो. दोन मॉड्यूलना एकच क्रमांक चालत नाही; एकाच नावाच्या हाकेला दोघांनी ओ दिली, तर गोंधळ होणारच. ठराविक वेळात हाक आली नाही, तर संपर्क तुटला असे मॉड्यूल समजते. उत्तर आले नाही, तर मॉड्यूल गैरहजर आहे असे मुकादम समजतो. बिघाड ओळखण्याची सर्व पद्धत या हजेरीवर उभी आहे.

चुका मोजण्याची सोय

शेतावर मोटारी चालू होताना, वीज चमकताना किंवा सांधा सैल असताना संदेशात गडबड होते. प्रत्येक गडबडीला यंत्रणा बंद पडू लागली, तर ती निरुपयोगी ठरेल. याकरिता बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारगाड्यांसाठी मांडलेल्या कॅन पद्धतीत एक चांगली सोय आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजते. संदेश पाठविताना चूक झाली की मोजणी सर्वसाधारणपणे ८ ने वाढते, संदेश बिनचूक गेला की १ ने कमी होते. मोजणी १२७ च्या पुढे गेली की ते मॉड्यूल इतरांच्या बोलण्यात अडथळा आणणे थांबविते. २५५ च्या पुढे गेली की ते तारेवरून स्वतःला पूर्ण बाजूला काढते. त्यामुळे एका नादुरुस्त मॉड्यूलपायी सारी यंत्रणा अडून बसत नाही. १९९४ मध्ये पुढे आलेली डिव्हाईसनेट पद्धत याच पायावर उभी आहे.

दोन दिव्यांची भाषा

डिव्हाईसनेट पद्धतीच्या मॉड्यूलवर बहुधा दोन मुख्य दिवे असतात. एक मॉड्यूलच्या प्रकृतीचा व दुसरा संपर्काचा. दोन्ही दिवे हिरवे व तांबडे, स्थिर व लुकलुकणारे असू शकतात. त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) मॉड्यूलचा दिवा

१) बंद : मॉड्यूलला वीज मिळत नाही. फ्यूज, २४ व्होल्टचा पुरवठा व सांधे तपासावेत.

२) स्थिर हिरवा : मॉड्यूल ठीक आहे.

३) लुकलुकणारा हिरवा : मॉड्यूल चांगले आहे, परंतु त्याची मांडणी अपुरी किंवा चुकीची आहे. नवीन मॉड्यूल बसविल्यावर असे दिसते.

४) लुकलुकणारा तांबडा : दुरुस्त होण्याजोगा बिघाड.

५) स्थिर तांबडा : न सुधारणारा बिघाड. मॉड्यूल बदलावे लागण्याची शक्यता असते.

(ब) संपर्काचा दिवा

१) बंद : मॉड्यूल तारेवर आलेले नाही किंवा तारेला वीज नाही.

२) लुकलुकणारा हिरवा : मॉड्यूल तारेवर आहे, परंतु मुख्य नियंत्रकाने त्याच्याशी संबंध जोडलेला नाही. मुख्य नियंत्रक बंद आहे का, अथवा त्याच्या यादीत हे मॉड्यूल आहे का, ते पाहावे.

३) स्थिर हिरवा : संपर्क सुरळीत.

४) लुकलुकणारा तांबडा : आधी संबंध होता, पण ठरलेल्या वेळेत हाक आली नाही.

५) स्थिर तांबडा : गंभीर दोष. दोन मॉड्यूलना एकच क्रमांक दिलेला असणे किंवा चुकांमुळे मॉड्यूलने स्वतःला तारेवरून काढून घेणे, ही त्याची प्रमुख कारणे.

दोन्ही दिवे एकत्र वाचले म्हणजे दोष कोठे शोधावा हे कळते. मॉड्यूलचा दिवा स्थिर हिरवा व संपर्काचा तांबडा लुकलुकता असेल, तर पेटीतील मॉड्यूल उपसत बसू नये. तार, सांधे व मुख्य नियंत्रक तपासावा. एकाच मॉड्यूलचा संपर्क गेला असेल, तर दोष त्याच्या फांदीत शोधावा. एका जागेपुढील सर्व मॉड्यूलचा संपर्क गेला असेल, तर त्या जागेची मुख्य तार आधी पाहावी.

हरितगृहांच्या अनेक संचांत आरएस-४८५ तारेवर मॉडबस पद्धत वापरलेली असते. त्यात मॉड्यूलवर पाठविण्याचा व घेण्याचा असे दोन लहान दिवे लुकलुकतात. घेण्याचा दिवा लुकलुकतो, पण पाठविण्याचा लुकलुकत नाही, याचा अर्थ हाक येते पण मॉड्यूल उत्तर देत नाही. अशा वेळी क्रमांक व वेग यांची मांडणी तपासावी. दोन्ही बंद असतील, तर हाकच येत नाही. उत्पादकानुसार दिव्यांचे अर्थ बदलतात. म्हणून आपल्या संचाच्या माहितीपुस्तिकेतील दिव्यांचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावा.

हिरवा दिवा काय सांगत नाही?

येथे बऱ्याच जणांची फसगत होते. व्हॉल्व्हच्या किंवा पंख्याच्या क्रमांकापुढील दिवा लागला म्हणजे आदेश दिला गेला, एवढाच त्याचा अर्थ. व्हॉल्व्ह उघडला का, पाणी गेले का, पंखा फिरला का, हे तो दिवा सांगत नाही. पुढील प्रसंगी सर्व दिवे हिरवे असतानाही पीक पाण्याविना राहू शकते.

१) सोलेनॉइडची गुंडाळी तुटली किंवा व्हॉल्व्हच्या पडद्याखाली कचरा अडकला.

२) पंख्याचा ओव्हरलोड रिले पडला. मॉड्यूलचा आदेश चालू, पंखा मात्र उभा.

३) विद्युत वाहिनीच्या दुरुस्तीनंतर फेजचा क्रम उलटा झाला. पंखे व पंप उलट फिरतात. पंपाचे पाणी कमी येते, पंखे हवा योग्य दिशेने ओढत नाहीत.

४) विहिरीची पातळी खाली गेल्याने पंप कोरडा चालला.

यावर उपाय म्हणजे कामाची पोच घेणे. मुख्य वाहिनीवर दाबाचा स्विच व पाण्याचे मीटर बसवून त्यांची जोडणी मॉड्यूलला द्यावी. पंख्याच्या कॉन्टॅक्टरची व ओव्हरलोड रिलेची पोचही घ्यावी. आदेशानंतर ठराविक वेळात दाब आला नाही, तर पंप बंद करून भोंगा वाजवावा, असे कार्यक्रमात लिहून घ्यावे. ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर व आपत्कालीन बंद बटण यांची जोडणी मात्र थेट स्टार्टरच्या वायरिंगमध्येच असावी. माणसाच्या व मोटारीच्या सुरक्षिततेचा भार संदेशाच्या तारेवर टाकू नये.

तापमापकाच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी. शक्यतो ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाचा तापमापक निवडावा. समजा ४ मिलिअँपिअर म्हणजे ० अंश व २० मिलिअँपिअर म्हणजे ५० अंश सेल्सिअस, तर १२ मिलिअँपिअरला २५ अंश होतात. तार तुटली की प्रवाह शून्य होतो. चांगल्या तापमापकाकडून शून्य प्रवाह कधीच येत नाही, म्हणून प्रवाह ३.६ मिलिअँपिअरपर्यंत खाली गेला की तो बिघाड धरता येतो. शून्य ते १० व्होल्टच्या तापमापकात ही सोय नाही. त्याची तार तुटली, तर नियंत्रकाला कडाक्याची थंडी पडल्यासारखे वाटते व तो भर उन्हात पंखे बंद करू शकतो.

संपर्क तुटल्यावर काय घडावे?

मॉड्यूलची हाक थांबली की त्याने पंखे, पंप व व्हॉल्व्ह यांचे काय करावे, हे बहुतेक मॉड्यूलमध्ये आधी ठरवून ठेवता येते. प्रत्येक जोडणीसाठी तीन पर्याय असतात : बंद करणे, चालू करणे किंवा आहे त्याच स्थितीत ठेवणे. काही साध्या मॉड्यूलमध्ये सर्व जोडण्यांसाठी मिळून एकच पर्याय असतो. संच बसविणारे बहुधा कारखान्यातून आलेली मांडणी तशीच ठेवतात व ती बहुधा ‘सर्व बंद’ अशी असते. कारखान्यातील यंत्रासाठी ती योग्य असेल, परंतु हरितगृहात ‘बंद’ म्हणजे ‘सुरक्षित’ असे दर वेळी होत नाही. १० गुंठ्यांच्या पंखे-पॅड हरितगृहासाठी पुढील मांडणी विचारात घ्यावी.

१) पंखे : चालू. थंडीत रात्रभर चालले तर वीज जाईल, पण उन्हाळ्यात दुपारी बंद राहिले तर पीक जाईल. याशिवाय मॉड्यूलवर अवलंबून नसलेला एक साधा थर्मोस्टॅट पंख्यांच्या कॉन्टॅक्टरला समांतर जोडावा. नियंत्रक २८ अंशांना पंखे चालवीत असेल, तर थर्मोस्टॅट ३३ अंशांच्या आसपास लावावा.

२) पॅडचा पंप : पंख्यांबरोबर चालू, मात्र टाकीत पाणी नसल्यास बंद होण्यासाठी फ्लोट स्विचसह.

३) खत व आम्ल देणारा पंप : नेहमी बंद. पाण्याचा प्रवाह थांबला व खत पंप चालू राहिला, तर तीव्र द्रावण वाहिनीत साचते व पुढच्या पाळीला मुळांशी जाते. म्हणून खत पंपाचा पुरवठा मुख्य पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या जादा संपर्कातून घ्यावा. मुख्य पंप थांबला की खत पंप आपोआप थांबतो.

४) मुख्य पंप : बंद.

५) सिंचनाचे व्हॉल्व्ह : बंद. परंतु येथे एक धोका आहे. व्हॉल्व्हच्या मॉड्यूलचा संपर्क तुटून व्हॉल्व्ह मिटले आणि पंपाच्या मॉड्यूलचा संपर्क चालूच असला, तर पंप बंद तोंडावर चालतो. उदा. बंद तोंडावर ६० मीटर शीर्ष देणाऱ्या पंपाने वाहिनीवर सुमारे ६ किलो प्रति चौ. सें.मी. दाब येतो. उपवाहिनी ४ किलोची असेल, तर ती फुटण्याची भीती असते. म्हणून व्हॉल्व्हचे मॉड्यूल गैरहजर दिसताच मुख्य नियंत्रकाने पंप थांबवावा व पंपाजवळ दाब सोडणारा व्हॉल्व्हही बसवावा.

हे निर्णय पिकाचे आहेत, म्हणून ते बागाईतदाराने घ्यावेत. संच ताब्यात घेताना प्रत्येक जोडणीपुढे बिघाडाच्या वेळची स्थिती लिहिलेला तक्ता संच बसविणाऱ्याकडून सहीनिशी मागून घ्यावा.

भोंग्याची जोडणीही उलट असावी. सर्व ठीक असताना रिले ओढलेला राहील व बिघाड झाला किंवा वीज गेली की तो सुटून भोंगा वाजेल, अशी व्यवस्था करावी. भोंग्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी. नियंत्रकच बंद पडला, तर बोंब कोण मारणार, याचे उत्तर या जोडणीत आहे.

बिघाड झाल्यावर कामाचा क्रम

१) प्रथम पीक सांभाळावे. निवडक स्विच ‘हाताने’ या बाजूस फिरवून पंखे व पाणी चालू करावे. तेही होत नसेल, तर दारे व उघडता येणारे बाजूचे पडदे उघडावेत व सावलीची जाळी ओढावी.

२) मेन स्विच बंद-चालू करण्यापूर्वी सर्व दिव्यांची स्थिती वहीत लिहावी. वीज घालविली की बिघाडाची खूण पुसली जाऊ शकते. मोबाईलवर छायाचित्र घेतल्यास उत्तम. लुकलुकणारे दिवे चित्रात कळत नाहीत, म्हणून चलचित्र घ्यावे.

३) पंख्याला किंवा पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. संपर्क परत आला की यंत्र आपोआप सुरू होऊ शकते.

४) २४ व्होल्टचा पुरवठा मोजावा. तारेच्या दूरच्या टोकालाही मोजावा. लांबीमुळे व्होल्टेज उतरते.

५) संदेशाची तार तपासावी. तारेच्या दोन्ही टोकांना सुमारे १२० ओहमचा एकेक रोधक असतो. सर्व वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. सुमारे ६० ओहम आला, तर मुख्य तार व दोन्ही रोधक ठीक आहेत. सुमारे १२० ओहम आला, तर एक रोधक नाही किंवा तार मध्येच तुटली आहे. सुमारे ४० आला, तर कोणीतरी तिसरा रोधक लावला आहे. शून्याजवळ आला, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

६) व्हॉल्व्ह उघडत नसेल, तर तारा सोडवून गुंडाळीचा रोध मोजावा. २४ व्होल्ट एसीच्या सोलेनॉइडचा रोध साधारणपणे २० ते ६० ओहम असतो. रोध फारच मोठा दिसला, तर गुंडाळी तुटलेली आहे. शून्याजवळ दिसला, तर ती जळालेली आहे.

७) बदललेल्या मॉड्यूलला जुन्याचाच क्रमांक व वेग द्यावा, तसेच बिघाडाच्या वेळची मांडणी पुन्हा भरावी. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते.

काळजी व वार्षिक चाचणी

मॉड्यूलची पेटी धूळ व पाणी आत न जाणारी असावी. तारा आत येण्याची तोंडे ग्लँडने घट्ट बंद करावीत, म्हणजे मुंग्या व पाली शिरत नाहीत. खताच्या व आम्लाच्या टाक्या पेटीजवळ ठेवू नयेत. त्यांच्या वाफांनी सांधे गंजतात. संदेशाची तार मोटारीच्या केबलबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. ती उंदरांपासून वाचविण्यासाठी स्वतंत्र जाड नळीतून न्यावी व तिच्या जाळीदार आवरणाला एकाच ठिकाणी अर्थिंग द्यावे. वळिवाच्या विजांपूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून सांधे आवळावेत व विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारे साधन तपासावे.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यापूर्वी, मुद्दाम बिघाड करून यंत्रणेची परीक्षा घ्यावी. सकाळच्या थंड वेळी एकेका मॉड्यूलची संदेशाची तार काढावी व घड्याळ लावून पाहावे. किती वेळात संपर्काचा दिवा तांबडा झाला, पंखे चालू राहिले का, खत पंप थांबला का, मुख्य पंप थांबला का, भोंगा वाजला का, याची नोंद करावी. नंतर तापमापकाची तार काढून हेच पाहावे. ही परीक्षा रात्री राखणीला असणाऱ्या गड्याच्या व घरच्या माणसांच्या समोर घ्यावी, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगी कोणता स्विच फिरवायचा हे त्यांना माहीत असेल.

बिघाडाची वही पेटीजवळच ठेवावी. तारीख, वेळ, हवामान, दिव्यांची स्थिती, केलेला उपाय एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. काही महिन्यांनी वही चाळली, की एकच मॉड्यूल पावसानंतर दर वेळी गप्प बसते किंवा मोटार सुरू होतानाच संपर्क तुटतो, अशा गोष्टी आपोआप लक्षात येतात व तंत्रज्ञाचा निम्मा वेळ वाचतो.

तार तुटणार, सांधा सैल होणार, वीज जाणार हे गृहीत धरूनच स्वयंचलित संच वापरावा. बिघाडाच्या वेळी प्रत्येक पंखा, पंप व व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत जाईल, हे ज्या बागाईतदाराने आधी ठरविले व स्वतः तार काढून पाहिले, त्याचे पीक तंत्रज्ञ येईपर्यंत तग धरू शकते. ज्यांच्याकडे असा संच आहे त्यांनी ही चाचणी येत्या उन्हाळ्यापूर्वी अवश्य करून घ्यावी.